तोंडावर हात

काच जाड होती, म्हणून तो मोकळेपणी बोलला. "म्हणेन की, साहेब. तुम्ही सांगितलंत म्हणजे म्हणेन. पोरीचं लक्ष कामात नव्हतं, बोलण्यात होतं, असंच म्हणेन." पक्षाच्या साहेबांनी त्याच्या दंडावर थोपटलं, घोड्याला थोपटतात तसं, आणि ते सभागृहाकडे निघून गेले. तो वळला. काचेच्या पलीकडे, प्रेक्षकांच्या सज्जात जायच्या रांगेत, झडतीवाल्या बाईसमोर दोन्ही हात पसरून त्याची ताई उभी होती. झडतीवाली तिच्या कमरेवरून हात फिरवत होती आणि ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. केव्हापासून बघत होती कोण जाणे. झडती संपली तरी तिचे हात तसेच पसरलेले राहिले. बाईने 'झालं, चला पुढे' म्हणून खांद्याला हात लावला तेव्हा ते खाली आले. तिच्यामागे कारखान्यातल्या आणखी काही बायका होत्या, धुतलेले कपडे घालून, पर्स पोटाशी धरून. पास खासदार म्हणून त्यानेच दिले होते. कोणत्या दिवसाचे, कोणासाठी, हे न बघता सही केली होती, रोजच करायचा. त्याने हसून हात उंचावला. माणसं दिसली की हात उंचावायचा हे आता अंगात भिनलं होतं. आणि हात हवेत असतानाच त्याच्या ध्यानात आलं की बोलताना आपण तोंड झाकलं नव्हतं.

कारखान्यात हे झालं नसतं. कारखान्यात लागलेलं कालचं पोरसुद्धा असं करत नाही. डब्यांचा कारखाना तो. एका बाजूने पत्र्याच्या चादरी आत यायच्या, दुसऱ्या बाजूने डबे होऊन बाहेर जायचे, आणि मधे प्रेसच्या रांगा. प्रेस म्हणजे काय हे गालिच्यावर चालणाऱ्याला सांगून कळायचं नाही. हत्तीएवढं लोखंड वर जातं आणि पत्र्यावर येऊन आदळतं, पुन्हा वर जातं, पुन्हा आदळतं, आणि अशा पन्नास जणी शेजारी शेजारी. तिथे आवाज ऐकू येत नाही, आवाज अंगात शिरतो. दातांत, बरगड्यांत, पोटातल्या चहात. कानाशी तोंड नेऊन ओरडलात तरी थुंकीपलीकडे काही पोचत नाही. म्हणून तिथे कोणी ओरडत नाही. ओठ मोठे हलवून, आवाज न काढता बोलतात, आणि समोरचा ते बघून घेतो. बिनआवाजी म्हणतात त्याला. 'मुकादम आला', 'पाणी दे', 'तुझ्या नवऱ्याने पुन्हा हात उचलला का', सगळं बिनआवाजीत. हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला. बायका त्यात एवढ्या तरबेज की पाठमोऱ्या बाईच्या नुसत्या गालावरून ओळखायच्या काय म्हणाली ते. आणि म्हणूनच तिथे ज्याला काही लपवायचं असतं तो आवाज खाली करत नाही. तो तोंडावर हात धरतो. ताईनेच शिकवलं होतं त्याला. पहिल्या दिवशी त्याला प्रेससमोर उभं करून तिने दोन गोष्टी सांगितल्या होत्या: हात पत्र्याच्या पुढे न्यायचा नाही, आणि कोणाबद्दल वाईट बोलायचं तर तोंडावर हात. पहिली त्याने पाळली, बोटं सगळी शाबूत होती. दुसरी आज विसरला. इथल्या मऊ जमिनीवर, इथल्या पडद्यांत, कुजबुजणाऱ्या लोकांत राहून विसरला. भिंत आहे, काच आहे, म्हणजे कोणी ऐकत नाही, असं त्यालाही वाटायला लागलं होतं. इथल्यांना वाटतं तसं.

चालता चालता त्याने तळवे बुटांत दाबून बघितले. जुनी खोड. कारखान्यात कुठली प्रेस नीट चालत नाही ते तळव्यांना आधी कळायचं. इथे खाली काहीच नव्हतं. जमीन होती, पण ती काही सांगत नव्हती.

चिटणीस जिन्याजवळ भेटला. साहेबांचा चिटणीस, तोही खासदार, त्याच्याहून निम्म्या वयाचा, पण 'भाऊ' असं म्हणायचा की वाटावं हाच मोठा भाऊ आहे. त्याने कागद पुढे केला. "भाऊ, ते वाक्य जाड अक्षरात काढून दिलंय. बाकी तुमच्या भाषेत बोला, तुमची भाषा म्हणजे काय, आगच. पण ते वाक्य तेवढं जसंच्या तसं."

"माझ्या भाचीबद्दलचं."

"भाचीबद्दल कुठे? नाव नाहीच त्यात. 'एक कामगार महिला' आहे. हे बघा, विरोधक म्हणणार मालकाने प्रेसपुढची जाळी काढली. आपण म्हणणार जाळी महत्त्वाची आहेच, पण लक्ष त्याहून महत्त्वाचं. हे मी बोललो तर लोक जोडे मारतील. तुम्ही बोललात तर? तुमच्या घरातली पोर गेली. तुमच्यासमोर कोण तोंड उघडणार?" मग तो हसला. "आणि पुढच्या आठवड्यात कामगार खातं रिकामं होतंय. मी काही बोललो नाही हं."

यातलं निम्मं त्याने चिटणिसाच्या ओठांवरून घेतलं होतं. सगळंच घेतलं होतं म्हटलं तरी चालेल. डावा कान कारखान्यातच गेला होता आणि उजवा गेल्या दोन निवडणुकांत हळूहळू. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ती खोलीत आली की आधी दिवा लावायची, मग बोलायची. लोकांना वाटायचं तो तडफेने बोलतो. तडफ कसली. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो मोठ्याने बोलायचा, एवढंच. कारखान्यात बायकांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. पाळीचा भोंगा बिघडला तरी चालेल, आपल्याकडे दुसरा आहे, म्हणायच्या. संपात हाच भोंगा उपयोगी पडला. फाटकाबाहेर लाउडस्पीकर बंद पाडला पोलिसांनी, तेव्हा तो एका उलट्या पिंपावर चढला आणि बोलला, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. त्या पिंपावरूनच तो थेट इथे आला असं पेपरवाले लिहितात. छान लिहितात. पिंप ताईने घट्ट धरून ठेवलं होतं, डुगडुगत होतं म्हणून, ते लिहीत नाहीत. खासदार होऊन तो पहिल्यांदा बोलायला उभा राहिला तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने कानांवर हात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं, 'कष्टकऱ्यांचा बुलंद आवाज.' बहिऱ्याचा आवाज, असं कोणी छापलं नाही.

आणि इथे तो वर चढला तो बोलून नव्हे, बघून. सभागृह म्हणजे काय, मोठा हॉलच, समोरासमोर बसलेली माणसं. फक्त आवाज नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं आपण हळू बोललो म्हणजे झाकलं. तो आपल्या जागेवर बसून समोरच्या बाकांवरचे ओठ बघायचा. कोण कोणाला विकला गेलाय, कोणता प्रश्न उद्या येणार, कोण कोणाच्या बायकोबद्दल काय म्हणतो. साहेबांना वाटायचं याला वास येतो. 'आपला भाऊ फार बेरकी,' असं ते एकदा शेजाऱ्याला म्हणाले होते, आणि पुढे, 'पण खालच्या थराचा आहे, तेच बरं, खूश ठेवायला सोपा.' तेही त्याने बघितलं होतं. पलीकडच्या रांगेतून, नीट, स्वच्छ उजेडात. त्या दिवशी घरी जाऊन त्याने बूट भिंतीवर फेकला. दुसऱ्या दिवशी तोच बूट घालून आला. राग येणं आणि उठून जाणं यांत किती अंतर असतं हे बाहेरून कळत नाही. उठून जायचं कुठे? बहिऱ्याला कोणता कारखाना घेतो? खुर्ची गेली की गाडी जाणार, गाडी गेली की दारावर येणारी माणसं जाणार, आणि मग एका खोलीत, दिवा लावून, बायकोचे ओठ बघत बसायचं मरेपर्यंत. हे त्याला रोज दिसायचं. दाढी करताना आरशात दिसायचं.

पण ते वाक्य आलं कुठून, हा काटा होता. ते चिटणिसाच्या डोक्यातलं नव्हतं. ते त्याच्याच तोंडातलं होतं. साहेबांच्या घरी जेवायला बोलावलं होतं, मोठमोठे लोक होते, बायका होत्या, आणि कोणीतरी म्हणालं, भाऊ, कारखान्यातली काहीतरी गंमत सांगा. त्याने बिनआवाजी सांगितली. नुसती सांगितली नाही, करून दाखवली. दोन बायकांनी हॉलच्या दोन टोकांना उभं राहून एका पाळीत लग्न कसं जमवलं, मुलगी, मुलगा, देणंघेणं, रुसवे सगळं, आणि मधे उभ्या मुकादमाला वाटलं दोघी काहीतरी चघळतायत. तो खुर्चीतून उठून दोन्ही बायका झाला, मुकादमही झाला. लोक हसून हसून पाण्याचे पेले सांडत होते. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे काम करताना त्या एकमेकींकडे बघत असतात?" आणि तो, मूर्ख, छाती पुढे काढून म्हणाला, "सारख्या!" असा म्हणाला जसं काही घरचं सोनं दाखवतोय. कारखान्याबाहेर ही गोष्ट कधी गेली नव्हती. मालकाला माहीत नव्हती, मुकादमाला अर्धवट माहीत होती. त्याने ती जेवणानंतरच्या बडिशेपेसारखी वाटली. आता अपघाताच्या चौकशीच्या अहवालात तिच्यावर एक अख्खं पान होतं. काम करताना संभाषणाची घातक सवय. आणि उपाय, दर दोन यंत्रांच्या मधे पत्र्याची उभी भिंत. म्हणजे बाईला समोर फक्त पत्रा दिसेल आणि पत्र्यात आपलंच वेडंवाकडं तोंड. आठ तास. त्या आवाजात, एकटी.

बारकी, ताईची पोर, गेली त्या दिवशी तो कारखान्याच्या दवाखान्यात गेला होता. ताई बाकावर बसली होती. तिच्या गळ्यातून आवाज येत नव्हता, डॉक्टर म्हणाले धक्का आहे. तिने त्याला समोर बसवलं, हनुवटीला धरून तोंड आपल्याकडे वळवलं, आणि सगळं बिनआवाजीत सांगितलं. प्रेस महिनाभर डबल मारत होती. एकदा पडायची तिथे कधीकधी आपल्या आपण दुसऱ्यांदा पडायची. पुढची जाळी मुकादमाने काढून नेली होती, जाळी उघडबंद करण्यात वेळ जातो म्हणून, वरून हुकूम होता म्हणून. ताई बोलली होती, चारदा बोलली होती. पत्रा आत अडकला. बारकी वाकली. ताई समोरच्या रांगेत होती आणि तिच्या तळव्यांना कळलं. 'पायाला कळलं रे,' ती म्हणाली, 'प्रेसच्या पट्ट्याने झटका दिला. मी म्हटलं, मागे हो. मागे हो. एवढा मोठा आ करून म्हटलं.' तिने ते पुन्हा करून दाखवलं, दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर, सबंध तोंड उघडून, आवाज न काढता. 'पण तिने बघितलंच नाही. तिचं सगळं लक्ष पत्र्यात. नवीन होती ना, शिकत होती, मन लावून करत होती. माझ्याकडे बघत असती तर वाचली असती.'

हे वाक्य त्याच्या पोटात तेव्हापासून होतं. आणि खिशात दुसरं वाक्य होतं, जाड अक्षरातलं. दोन्हींत मरणारी तीच, मारणारी प्रेस तीच.

सभागृहात जागेवर बसून तो आधी पाणी प्यायला. मग त्याने वर बघितलं. बघायचं नाही असं ठरवून बघितलं. सज्जाच्या पहिल्याच रांगेत त्या बसल्या होत्या, कठड्याला गुडघे लावून. तिथे बोलायला मनाई आहे. पाट्या आहेत, पहारेकरी आहेत, कोणी खोकलं तरी ते येऊन बघतात. पहारेकरी भिंतीला टेकून उभा होता आणि त्या बायका गप्प होत्या, मुठी मांडीवर, एकदम शहाण्यासारख्या. आणि ताई बोलत होती.

'औषध घेतलंस का सकाळचं?'

एवढ्या वर्षांत त्या हॉलमधलं एकही तोंड त्याच्याशी बोललं नव्हतं. तो चोरून बघायचा; त्याच्यासाठी कोणी ओठ हलवले नव्हते. आणि हे किती स्पष्ट होतं. अध्यक्षांचा आवाज, समोरच्याचं भाषण, सगळं पाण्याखालून आल्यासारखं, आणि हे मात्र कानात कोणी येऊन बोलावं तसं. त्याने कागद पुढ्यात धरला आणि कागदाआडून म्हटलं, 'ताई, घरी जा.'

'कुठल्या घरी? घरात कोण आहे माझ्या?'

'मी नंतर येतो. समजावून सांगतो.'

'समजलं मला. काचेतून समजलं.' तिने जराही घाई केली नाही. ती नेहमीच एकेक शब्द सुटा करून द्यायची, कपडे वाळत घालावेत तसे. 'भोंग्या, मी तुला काही मागायला नाही आले. तू काय म्हणतोस ते बघायला आलेय. सगळ्याजणी बघायला आल्यात. ते तू आमच्या तोंडावर म्हण.'

शेजारच्या खासदाराने त्याला कोपर मारलं. "काय भाऊ, वर कोण सुंदरी दिसली का? ओठ काय हलतायत तुमचे?" तो दचकला. "पाठ करतोय," म्हणाला. "करा, करा. आज तुमचा दिवस आहे," म्हणून शेजारी पुन्हा फोनमध्ये गेला. समोर, तिरप्या रेषेत, साहेब बसले होते. ते त्याच्याकडेच बघत होते. बघत होते म्हणजे, बऱ्याच वेळापासून बघत असावेत असं बघत होते.

मग अध्यक्षांनी त्याचं नाव घेतलं. ते त्याला ऐकू आलं नाही. सगळे चेहरे एकाच वेळी वळले त्यावरून कळलं.

तो उभा राहिला आणि सुरुवात केली. सुरुवात चांगली झाली. ती नेहमीच चांगली होते. मी प्रेसवर उभा राहिलेला माणूस आहे, म्हणाला. माझ्या छातीत अजून ती प्रेस चालते, म्हणाला. पुढच्या बाकांवरच्या माना हलायला लागल्या, कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं, इथे डोळ्यांत पाणी लवकर येतं. तो बोलत राहिला आणि बोलता बोलता त्याला वाटलं, आता म्हणावं. डबल मारत होती म्हणावं. जाळी कोणी काढली ते म्हणावं. तोंड उघडं आहे, माइक चालू आहे, आवाज आहे. त्या पोरीचा काका-मामा-बाप जे काय म्हणाल ते मीच आहे, ती माझ्या खांद्यावर बसून संपाच्या सभांना यायची, तिला लाउडस्पीकर म्हणजे मोठं फूल वाटायचं. मुकादमाने. मुकादमाने वरच्या हुकमावरून. शब्द जिभेच्या टोकाशी आलेला त्याला जाणवत होता, पत्र्याची चव असते तसा, थंड. आणि साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. एवढंच. रागावले नाहीत, डोळे वटारले नाहीत, मनगट वळवून घड्याळ बघितलं. आणि त्याला ती खोली दिसली. दिवा. बायकोचे ओठ. दारावर कोणी नाही.

त्याने कागदाकडे बघितलं. जाड अक्षरं. वर त्या सगळ्या जणी किंचित पुढे झुकल्या, कारखान्यात लांबचं बघायचं असलं की झुकायच्या तशा. ताईने हनुवटी वर केली.

आणि त्याचा डावा हात उठला. त्याने उठवला नाही. तो उठला, तिने पहिल्या दिवशी शिकवलेला, एवढ्या वर्षांचा, सरावाचा हात, आणि येऊन तोंडावर बसला. नाकाखाली, हनुवटीपर्यंत, बोटं जोडून. माइक हाताच्या आत होता. आत, त्या अंधारात, तो म्हणाला, "दुर्दैवाने, त्या कामगार महिलेचं लक्ष त्या क्षणी कामात नव्हतं, संभाषणात होतं." सबंध देशाला ते ऐकू गेलं. फक्त वरच्या एका रांगेला दिसलं नाही.

दिसलं नाही म्हणजे कळलं नाही असं थोडंच असतं. तो हात दिसला ना. त्यांच्यात तोंडावर हात धरून काय बोलतात ते कारखान्यातलं पोरही सांगेल. ताई क्षणभर तशीच बघत राहिली. मग तिने मान वळवली. रागाने नाही, प्रेस बंद करून पाळी संपली की वळायची तशी वळली, आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघू लागली. तिच्या शेजारची वळली. तिच्या शेजारची वळली. एकेक करून रांगेतल्या सगळ्या वळल्या, आणि सज्जात फक्त केस आणि कान दिसू लागले. कानांशी तो कसा बोलणार? तो म्हणाला, 'ताई.' हात काढून, उघड, सगळ्यांदेखत, मोठा आ करून म्हणाला. बघायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात तळव्यांना कळलं. खालून काहीतरी आलं. एक धक्का, मग दुसरा, मग सगळीकडून. त्याच्या बाजूचे खासदार बाकं वाजवत होते, तळहातांनी, कोणी मुठींनी, आणि ते लाकडातून, गालिच्यातून, बुटांतून त्याच्या पोटऱ्यांत चढत होतं, तेच ते, वर जाऊन आदळणारं, पुन्हा वर जाऊन आदळणारं. एक ठोका मधेच दोनदा पडत होता. शेजारी त्याच्या पाठीवर थापा मारत होता, 'शाबास भाऊ' म्हणत होता, ओठांवर दिसत होतं. त्याला मागे व्हायचं होतं. मागे खुर्ची होती.

साहेब बाक वाजवत नव्हते. ते त्याच्या हाताकडे बघत होते, तोंडावरून काढलेल्या, अजून हवेत राहिलेल्या हाताकडे. मग त्यांनी मान वर करून सज्जातली ती पाठमोरी रांग बघितली. मग पुन्हा त्याच्याकडे, आणि या वेळी त्याच्या डोळ्यांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जुळत गेलं. ती जेवणानंतरची गंमत, हॉलची दोन टोकं, मधे उभा मुकादम. आणि ही एवढी सगळी वर्षं, समोरासमोरची बाकं, हा स्वच्छ उजेड. ते हसले. जेवणाच्या दिवशी हसले नव्हते ते आज हसले.

चिटणीस मागून त्यांच्या कानाशी वाकला होता. त्याच्याशी बोलायला साहेब वळले, आणि वळताना, उभ्या असलेल्या त्याच्यावरची नजर न काढता, त्यांनी सावकाश हात वर नेला आणि बोटं जोडून आपल्या तोंडावर धरला. हाताआड त्यांचा जबडा हलत होता. बराच वेळ हलत होता. चिटणीस ऐकत होता आणि मान डोलवत होता, हो, हो, आणि त्याच्याकडे बघत होता.